नव्याचे नऊ दिवस आणि त्यानंतर: वेबसाइटवर नियमित लिहिल्याने गुगलमध्ये खरंच वर येता येतं का?

वेबसाइट सुरू केली की पहिल्याच महिन्यात एक सल्ला कानावर पडतो: "आठवड्याला दोन लेख टाकत राहा, गुगलला ताजा मजकूर आवडतो." मीही हा सल्ला बरीच वर्षं बिनदिक्कत दिला आहे. तो सपशेल खोटा असता तर एव्हाना मोडीत निघाला असता. अर्धा खरा आहे म्हणून टिकलाय, आणि अर्धा खरा आहे म्हणूनच माणसं त्यापायी महिनोन्‌महिने राबतात.

गुगलने साइटमालकांना आपला मजकूर स्वतःच तपासता यावा म्हणून एक प्रश्नावली जाहीर केली आहे. त्यात विचारलंय, साइट ताजी वाटावी एवढ्याचसाठी तुम्ही ढीगभर नवा मजकूर घालताय का, किंवा जुना काढून टाकताय का? शेजारी कंसात उत्तरही देऊन ठेवलंय: नाही, त्याने फायदा होत नाही.

तरीही नियमित लिहिणाऱ्या साइट वर येताना दिसतात, हेही खरं. त्या वर येतात त्याची कारणं वेगळी आहेत. दर नव्या पानागणिक साइट आणखी एका प्रश्नाचं उत्तर देऊ लागते. एका विषयावरची पानं वाढली की ती एकमेकांना दुवे देतात आणि वाचक एका पानावरून दुसऱ्यावर जातो. चांगल्या पानाला दुसऱ्या साइटवाले आपणहून दुवा देतात. यातलं काहीही 'मंगळवारी आणि शुक्रवारी प्रकाशित केलं' म्हणून घडत नाही. ताजेपणा ही स्वतंत्र ताकद म्हणून फक्त काही प्रश्नांपुरती चालते. ते प्रश्न कोणते हे ओळखता आलं, की कामाचा निम्मा ताण उतरतो.

उदाहरणासाठी सायकल दुरुस्तीवर लिहिणारी एक साइट धरू. पुढे सगळीकडे तीच वापरतो.

आधी हे ओळखा: ताजेपणा कोणत्या प्रश्नाला लागतो

गुगलमध्ये या कल्पनेला जुनं नाव आहे, 'क्वेरी डिझर्व्ह्ज फ्रेशनेस'. म्हणजे शोधलेल्या प्रश्नालाच ताजं उत्तर हवं आहे का, हे आधी ठरवायचं. २००७ मध्येच ही गोष्ट जाहीरपणे बोलली गेली होती. २०१० मध्ये 'कॅफीन' नावाची नवी इंडेक्स (गुगलने वाचून साठवलेल्या पानांचा साठा) व्यवस्था आली. त्याआधी इंडेक्सचा मुख्य थर दोनेक आठवड्यांनी नव्याने भरला जायचा, त्यानंतर वेबचे छोटे छोटे तुकडे सतत अद्ययावत होऊ लागले. नोव्हेंबर २०११ मध्ये ताजेपणाचा मोठा बदल आला आणि त्याचा परिणाम सुमारे ३५ टक्के शोधांवर होईल, असं गुगलने तेव्हा सांगितलं. हा आकडा लोकांनी पाठ केला. उरलेल्या ६५ टक्क्यांचं काय, हे फारसं कुणी विचारलं नाही.

त्या वेळी प्रश्नांचे तीन प्रकार सांगितले होते आणि ते आजही उपयोगी पडतात. पहिला प्रकार चालू घडामोडींचा: भूकंप झाला, तर लोकांना तासाभरापूर्वीची बातमी हवी असते. दुसरा, ठरावीक काळाने पुन्हा येणाऱ्या गोष्टींचा: ग्रहण, ऑलिम्पिक, निवडणूक. 'ऑलिम्पिक वेळापत्रक' शोधणाऱ्याला मागच्या स्पर्धेचं पान नको असतं. तिसरा, माहिती हळूहळू पण सतत बदलणारा: चांगला कॅमेरा कोणता, अमुक फोनवर तमुक सेटिंग कुठे असतं.

आपल्या सायकलवाल्याकडे 'निखळलेली साखळी परत कशी बसवायची' हे पान असेल, तर ते यांपैकी कशातच बसत नाही. साखळी दहा वर्षांपूर्वी जशी बसायची तशीच आजही बसते. त्या पानाची तारीख पाहून कुणी त्याला वर ढकलणार नाही. 'नवशिक्यांसाठी इलेक्ट्रिक सायकल कशी निवडावी' हे पान मात्र तिसऱ्या प्रकारात येतं आणि दोन वर्षं हात लावला नाही तर ते खाली घसरणारच.

शंका असेल तर सोपी परीक्षा आहे. तो प्रश्न स्वतः शोधून पाहा आणि पहिल्या दहा निकालांच्या तारखा बघा. बहुतेक पानं गेल्या काही महिन्यांतली असतील, तर तिथे ताजेपणा चालतो. पाच-सहा वर्षं जुनी पानं निवांत बसलेली दिसली, तर तिथे तुमच्याकडून त्यांच्याहून चांगलं उत्तर अपेक्षित आहे. तारखेला तिथे कुणी विचारत नाही.

क्रॉल, इंडेक्स, क्रमांक: या तिन्हींची गल्लत करू नका

"रोज लिहिलं की गुगल रोज येतं" हे बरोबर आहे. क्रॉलर, म्हणजे वेबवरची पानं वाचत फिरणारा गुगलचा प्रोग्रॅम, कोणत्या पानावर किती वेळा फिरकतो, हे त्या पानाची लोकप्रियता आणि त्यावर बदल होण्याचा वेग यांवर अवलंबून असतं. नवे दुवे नेहमी दिसणाऱ्या मुखपृष्ठावर तो वारंवार येतो. पण येणं म्हणजे इंडेक्समध्ये घेणं नव्हे, आणि इंडेक्समध्ये घेणं म्हणजे वर दाखवणं नव्हे. दारात पोस्टमन रोज येतो म्हणून आपल्याला पत्रं जास्त येतात, असं कुणी म्हणत नाही.

'क्रॉल बजेट' (एका साइटची किती पानं क्रॉलर वाचेल याची मर्यादा) या शब्दाचा धसका तर बहुतेकांनी घेऊच नये. गुगलच्या मार्गदर्शिकेनुसार हा विषय साधारण दहा लाखांहून जास्त पानं असलेल्या, किंवा दहा हजारांहून जास्त पानं रोज बदलणाऱ्या साइटचा आहे. दोनशे पानांच्या साइटने त्याची काळजी करणं म्हणजे बाजारात तुरी.

पायरी १: आधी हिशेब मांडा

नवा लेख लिहायला बसण्याआधी सर्च कन्सोल (आपली साइट गुगल शोधात कशी दिसते हे मालकाला दाखवणारं गुगलचं साधन) उघडा. परफॉर्मन्स अहवालात १६ महिन्यांची माहिती मिळते, ती पूर्ण कालावधीची घ्या, 'पेजेस' हा भाग निवडा आणि स्प्रेडशीटमध्ये उतरवून घ्या. प्रत्येक पानासमोर क्लिक आणि इम्प्रेशन (पान शोधनिकालांत किती वेळा दिसलं ते) आपोआप येतील. दोन रकाने हाताने भरायचे: या पानात शेवटचा *खरा* बदल कधी केला, आणि वर सांगितलेल्यांपैकी हे पान कोणत्या प्रकारचं आहे. 'कोणत्याच नाही' हेही उत्तर चालतं. बऱ्याच साइटवर तेच उत्तर सर्वांत जास्त वेळा लिहावं लागतं.

काम कंटाळवाणं आहे. पण आपल्या साइटवर नेमकं काय काय आहे हे बहुतेक मालकांना माहीत नसतं, आणि एकाच प्रश्नावर तीन वर्षांत चार लेख लिहून ठेवलेत हे इथेच पहिल्यांदा लक्षात येतं.

पायरी २: नव्याआधी जुन्याची डागडुजी

माझ्या मते उपलब्ध वेळातला निम्मा वेळ जुन्या पानांवर जायला हवा, आणि साइट तीन वर्षांहून जुनी असेल तर निम्म्याहूनही जास्त. जुन्या पानाला दुवे मिळालेले असतात, गुगलला ते ओळखीचं असतं, वाचक येत असतात. त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

घसरलेली पानं शोधताना गेल्या तीन महिन्यांची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी करा. लगेच आधीच्या तीन महिन्यांशी केली तर ऋतूचा फरक तुम्हाला फसवेल. सायकलवर पाणी-चिखलापासून बचाव करण्याचं पान कोरड्या हंगामात पडतंच, ते बिघडलेलं नसतं.

घसरण दिसली की आकडे नीट वाचा, कारण तिचे प्रकार आहेत आणि औषध वेगवेगळं आहे:

- इम्प्रेशन कमी झाली, सरासरी क्रमांक तोच. म्हणजे लोकांनी शोधणंच कमी केलं. कोणता शब्द लोक किती शोधतात हे दाखवणाऱ्या गुगल ट्रेंड्सवर पडताळा घ्या. मागणी आटली असेल तर पान पुन्हा लिहून ती परत येणार नाही.
- क्रमांक घसरला. तुमच्याहून चांगलं उत्तर दुसऱ्याने दिलंय, किंवा तुमचं उत्तर जुनं झालंय. दुरुस्ती करायची ती इथेच.
- क्रमांक आणि इम्प्रेशन दोन्ही ठीक, क्लिक मात्र उतरले. शीर्षक वाचून कुणाला आत यावंसं वाटत नसेल, किंवा हल्ली उत्तर शोधाच्या पानावरच मिळून जात असेल. यातल्या पहिल्यावर इलाज आहे, दुसऱ्यावर फारसा नाही.

दुरुस्ती म्हणजे नेमकं काय करायचं? त्या पानावर क्लिक करून सर्च कन्सोलमध्येच 'क्वेरीज' बघा. पान कोणकोणत्या शब्दांना दिसतंय, याची यादी समोर येईल, आणि तीत असे काही प्रश्न निघतील ज्यांचं उत्तर पानात कुठेच नाही. साखळीच्या पानावर लोक 'गिअर बदलताना साखळी निखळते' असं शोधून येत असतील आणि तुम्ही फक्त साखळी बसवायची कृती दिली असेल, तर हा आयता मिळालेला धडा आहे. निखळण्याची कारणं त्याच पानात लिहा: डिरेलरचे (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) मर्यादा-स्क्रू हललेत का, साखळी झिजून लांबलीय का, डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर वाकलाय का. हे लिहायला सायकल हातात घ्यावी लागते, आणि ते लिहिणं इथेच कसाला लागतं. डिसेंबर २०२२ मध्ये गुगलने आपल्या गुणवत्ता निकषांत 'अनुभव' हा शब्द मुद्दाम जोडला. स्वतः काढलेला वाकलेल्या हँगरचा फोटो उधारीच्या दहा परिच्छेदांना भारी पडतो.

मग उत्तर वर आणा. दोन परिच्छेद प्रस्तावना आणि मग कृती ही सवय आपल्याला शाळेतल्या निबंधांनी लावली आहे. मेलेले दुवे काढा. बंद पडलेल्या वस्तूंची नावं बदला. पत्ता, म्हणजे यूआरएल, मात्र बदलू नका. आणि पुढच्या खेपेला पत्त्यात वर्ष घालूच नका. 'सर्वोत्तम-सायकल-पंप-२०२२' असा पत्ता करून ठेवला की दर वर्षी नवं पान करावं लागतं आणि जुन्याला मिळालेले दुवे वाया जातात. पत्ता वर्षाविना ठेवा, हवं तर शीर्षकात वर्ष लिहा.

पायरी ३: तारखेशी खेळू नका

इथे माझीच चूक सांगतो. मी सांभाळत असलेल्या एका साइटवर आम्ही एका दुपारी सगळ्या जुन्या लेखांच्या तारखा पुढे ओढल्या. मजकुराला बोटही लावलं नाही. शिळ्या कढीला ऊत आणण्याचाच प्रकार. क्रमांकात काहीही हललं नाही. फरक पडला तो वाचकांत: वर चालू महिन्याची तारीख आणि खाली केव्हाच बंद झालेल्या सुविधेचं वर्णन, हे पाहून लोकांनी चुका दाखवणारी पत्रं पाठवायला सुरुवात केली. गुगलच्या त्या प्रश्नावलीत हाही प्रश्न आहे, की मजकूर फारसा न बदलता फक्त तारीख बदलताय का. तेव्हा मी तो वाचला नव्हता.

नियम असा ठेवा: वाचकाला उपयोगी असं काही बदललं तरच 'अद्ययावत' तारीख बदलायची. पानावर दिसणारी तारीख, स्ट्रक्चर्ड डेटामधली (शोधयंत्रांसाठी पानाच्या कोडमध्ये लिहिलेली माहिती) 'डेट मॉडिफाइड' आणि साइटमॅपमधली (साइटच्या सगळ्या पत्त्यांची यादी असलेली फाइल) 'लास्टमॉड' या तिन्ही जुळल्या पाहिजेत. गुगल 'लास्टमॉड' विचारात घेतं, पण ती सातत्याने खरी निघाली तरच. तळाशी कॉपीराइटचं वर्ष बदललं म्हणून ती पुढे सरकवायची नाही. काही साइट बांधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये साइटमॅप बनवताना प्रत्येक पानाला आजची तारीख चिकटते. आपल्याकडे असं होत नाही ना, एकदा बघून घ्या. साइटमॅपमधल्या 'चेंजफ्रीक' आणि 'प्रायॉरिटी' या दोन खुणा गुगल पाहतच नाही, त्या भरण्यात वेळ घालवू नका.

पायरी ४: नवा विषय निवडताना

विषयांची सर्वांत चांगली खाण म्हणजे लोक तुम्हाला प्रत्यक्ष विचारतात ते प्रश्न: ईमेलमध्ये, फोनवर, साइटच्या शोधपेटीत. एकच प्रश्न तीनदा आला की पान लिहायचं. दुसरी खाण सर्च कन्सोलमध्ये आहे. एखाद्या शब्दाला इम्प्रेशन बऱ्यापैकी आहेत, पण दिसणारं पान भलत्याच विषयाचं आहे, म्हणजे गुगलला तुमच्याकडे त्या उत्तराची अपेक्षा आहे आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही.

लिहिण्याआधी मात्र आपल्याच साइटवर शोधून पाहा. दोन पानं एकाच प्रश्नाचं उत्तर देऊ लागली की गुगल कधी हे दाखवतं, कधी ते, आणि दोन्ही मागे राहतात. मी कसोटी अशी लावतो: दोन्ही प्रश्न विचारणारा माणूस एकच उत्तर वाचून समाधानी होईल का? होत असेल तर नवं पान नको, जुन्यात एक भाग वाढवा. 'साखळी किती दिवसांनी बदलावी' आणि 'साखळी झिजली हे कसं ओळखावं' ही एकाच पानाची कामं आहेत. 'साखळीला तेल कोणतं' हे वेगळं पान.

पायरी ५: वेग किती ठेवायचा

आठवड्याला किती लेख, याचा जादुई आकडा कुठेही नाही. शब्दसंख्येचाही नाही. गुगलने तेही स्पष्ट करून टाकलंय.

उलट, वेगाच्या मागे लागलेल्या साइटना वेळोवेळी फटका बसला आहे. फेब्रुवारी २०११ मधला 'पांडा' बदल उथळ मजकुराच्या कारखान्यांवरच होता आणि अमेरिकेत जवळपास १२ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये उपयुक्त मजकुराची स्वतंत्र यंत्रणा आली, ती मार्च २०२४ मध्ये मुख्य क्रमवारीतच मिसळली. त्याच महिन्यात घाऊक मजकुराविरुद्धचा नियमही आला. केवळ क्रमवारीसाठी मोठ्या प्रमाणावर काढलेला निरुपयोगी मजकूर हा गैरवापर, मग तो यंत्राने लिहिलेला असो, माणसाने, की दोघांनी मिळून. एआयच्या मदतीने लिहिणं आपोआप गुन्हा ठरत नाही. एका रात्रीत तीनशे पानं ओतणं ठरू शकतं.

वेग ठरवायची माझी पद्धत साधी आहे. सांगण्यासारखं काही असलेला माणूस महिन्यात जितकी पानं नीट तपासू शकतो, तितकीच. तो माणूस दोन म्हणत असेल तर दोन. पुढच्या सहा महिन्यांच्या कॅलेंडरमध्ये या दोन नव्या पानांच्या शेजारी दोन जुन्या पानांची दुरुस्तीही लिहून ठेवा, नाहीतर ती कधीच होत नाही. दुसऱ्या प्रकारच्या विषयांसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळी येणाऱ्या गोष्टींसाठी, प्रसंगाच्या सहा ते आठ आठवडे आधी पान तयार असावं. आदल्या दिवशी टाकलेलं पान गुगलच्या हाती लागेपर्यंत वरात निघून गेलेली असते.

आपण वेगाच्या नादात घसरतोय का, हे सर्च कन्सोलचा 'पेजेस' इंडेक्सिंग अहवाल सांगतो. तिथे 'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' आणि 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' अशा दोन याद्या असतात. पहिल्या यादीतलं पान गुगलला ठाऊक असतं, पण अजून वाचलेलं नसतं. दुसऱ्या यादीत गुगलने पान वाचलेलं असतं आणि तरी घेतलेलं नसतं. तुमचे नवे लेख एकामागून एक तिथे जमा होत असतील, तर लिहिणं थांबवा आणि ते लेख पुन्हा वाचा. यावर तांत्रिक तोडगा शोधणारे बरेच आहेत. बहुतेक वेळा दोष लेखातच असतो.

पायरी ६: प्रकाशनाच्या दिवशी

दहा मिनिटांचं काम, पण चुकवू नये. संबंधित तीन-चार जुन्या पानांत जाऊन नव्या पानाचा दुवा वाक्यात गुंफा. 'इथे क्लिक करा' असं न लिहिता पानाचा विषय सांगणारे शब्द वापरा. कुठूनच दुवा नसलेलं पान क्रॉलरला सापडलं तरी बिनमहत्त्वाचं वाटतं. साइटमॅपमध्ये पान आलंय ना, ते पाहा. हवं तर यूआरएल तपासणीच्या साधनातून इंडेक्सिंगची विनंती करा. एकदाच. पुन्हा पुन्हा बटण दाबल्याने रांग पुढे सरकत नाही. साइटमॅप 'पिंग' करण्याची, म्हणजे तो बदलल्याचं गुगलला कळवण्याची, जुनी पद्धत गुगलने २०२३ मध्येच बंद केली. बिंग आणि यांडेक्स या शोधयंत्रांनी २०२१ मध्ये आणलेलं, पान बदलल्याची खबर त्यांना लगेच देणारं 'इंडेक्सनाऊ' चालू करून ठेवायला हरकत नाही, पण त्याचा उपयोग गुगलसाठी होत नाही.

पायरी ७: छाटणी, पण जपून

पायरी १ मध्ये सापडलेले ते चार सारखे लेख आठवतात? त्यांतलं सर्वांत जास्त दुवे आणि वाचक असलेलं पान ठेवा, बाकीच्यांतला कामाचा मजकूर त्यात ओता आणि जुने पत्ते ३०१ रीडायरेक्टने (पत्ता कायमचा बदलला, असं सांगणारं वळण) तिकडे वळवा. हे वळण किमान वर्षभर ठेवा, जमलं तर कायमचं. ज्या पानाचा कुणालाच उपयोग नाही आणि ज्याला जवळचा पर्यायही नाही, ते सरळ काढा आणि तिथे ४०४ किंवा ४१० (पान नाही, असं सांगणारे संकेत) येऊ द्या. अशी सगळी पानं मुखपृष्ठाकडे वळवू नका, गुगल त्याला 'सॉफ्ट ४०४', म्हणजे पान नसल्यासारखंच, समजतं. पान जुनं आहे एवढ्याच कारणाने मात्र काहीही काढायचं नाही.

पायरी ८: परिणाम बघताना

दुरुस्तीची तारीख स्प्रेडशीटमध्ये टिपून ठेवा, नाहीतर तीन महिन्यांनी आलेख पाहून नुसते अंदाज बांधावे लागतात. काही बदल थोड्या दिवसांत दिसतात, काहींना महिने लागतात. मी पान दुरुस्त केल्यावर आठ आठवडे त्याला हात लावत नाही. याच काळात गुगलचा कोअर अपडेट (क्रमवारीच्या यंत्रणेतला मोठा बदल) आला, तर तो संपून किमान आठवडा उलटल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

आकडे पाहताना सरासरी क्रमांकाने घाबरून जाऊ नका. दुरुस्तीनंतर पान नव्या नव्या शब्दांना दिसू लागतं, सुरुवातीला तळाशीच, आणि त्यामुळे सरासरी खाली ओढली जाते. प्रत्यक्षात पान वाढत असतं. म्हणून पूर्ण पानाच्या सरासरीऐवजी ज्या चार-पाच प्रश्नांसाठी दुरुस्ती केली, तेवढेच गाळून बघा. आठ आठवड्यांनंतरही ते तिथेच असतील, तर पहिल्या पानावरचे निकाल पुन्हा उघडा आणि त्यांच्याजवळ असं काय आहे जे तुमच्याजवळ नाही, ते कागदावर उतरवा. बऱ्याचदा उत्तर एखादा फोटो, एखादं मोजमाप किंवा एखादी करून पाहिलेली चाचणी असतं. त्यासाठी नवा लेख लागत नाही, एक दुपार आणि हातात सायकल लागते.